खारा वारा, आंब्याचा चीक आणि आठ वर्षांची पल्सर : रंग आणि काळं प्लास्टिक सांभाळण्याच्या नोंदी

गाडी पल्सर १५०, २०१७ची, काळी, आजवर ६१ हजार किलोमीटर. रोज रत्नागिरीहून भाट्याच्या पुलावरून पावस गावाच्या रस्त्याला एका कॅनिंगच्या कारखान्यात, जाऊन-येऊन पस्तीसएक किलोमीटर. भाट्याच्या सुरूबनापाशी समुद्राचा वारा थेट अंगावर येतो. इंजिन ठणठणीत आहे आणि अजून पाच वर्षं तरी गाडी बदलायची नाही. पण टाकीचा वरचा भाग धुरकट झालाय, उन्हात तिरकं पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात. मागचं मडगार्ड, आरशांच्या दांड्या, नंबर प्लेटचा धारक हे न रंगवलेलं काळं प्लास्टिक तर राखेसारखं पांढरट पडलंय.

स्वतःला तीन अटी घातल्या. पॉलिशचं मशीन वापरायचं नाही. एकदा घडी बसली की पंधरा दिवसांतून अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ द्यायचा नाही, कारण त्याहून जास्त लागलं तर माझ्याच्याने ते टिकणार नाही. खर्च अडीच हजारांच्या आत. मुदत ७ जून, म्हणजे आमच्याकडे पाऊस लागायच्या सुमाराची. खर्च आणि मुदत, दोन्ही हुकले. कसे हुकले ते खाली आहे.

२ मार्च २०२५, रविवार

आज फक्त धुणं. आजवर कपड्यांच्या पावडरीचं पाणी आणि जुनं बनियन वापरत आलो. टाकीवरच्या ओरखड्यांचं मूळ तिथेच आहे. तांबड्या मातीतले बारीक कण सुक्या फडक्याखाली सापडले की ते फडकं पॉलिश पेपरचं काम करतं. कारखान्यात पोचल्यावर धूळ झटकायला रोज सकाळी टाकीवरून एक हात फिरवायचो, तो सगळ्यात वाईट.

इंजिन थंड, गाडी सावलीत. पाइपाच्या हलक्या धारेने दहा मिनिटं नुसतं भिजवलं, हात लावला नाही. मग दोन बादल्या: एकीत गाड्यांचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी, फडकं दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मग शाम्पूत. वरून खाली आलो. टाकी आणि पॅनेलचं फडकं वेगळं, चाकं-मडगार्डचं वेगळं. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेली लाल माती बघून बायको म्हणाली, "एवढी माती तू रोज टाकीवर घासत होतास?" खरंच होतो.

वेळ पावणेदोन तास. त्यातला निम्मा मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि सस्पेन्शनच्या खाचांत गेला.

सुकल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून टाकीवरून बोटं फिरवली. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारी टाकी पिशवीतून खरखरीत लागली. म्हणजे धुऊन न निघणारं काहीतरी रंगावर चिकटून बसलंय.

९ मार्च

ते 'काहीतरी' म्हणजे बहुतेक डांबर. रस्त्याची कामं चालू आहेत, पुढच्या मडगार्डच्या मागे आणि साइड पॅनेलच्या खालच्या कडेला मोहरीएवढे काळे ठिपके. रॉकेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन ठिपक्यावर अर्धा मिनिट नुसतं टेकवलं, मग अलगद पुसलं. डांबर विरघळून निघतं. लगेच शाम्पूने ती जागा धुतली.

चूक: एक ठिपका स्टिकरच्या अगदी कडेला होता. रॉकेल स्टिकरखाली शिरलं आणि कडा सुटली. दाबून बसवली, पण पुन्हा उचलतेय. स्टिकरजवळ रॉकेल नको. तिथला ठिपका नखाने काढावा, नाहीतर राहू द्यावा.

मग क्ले, म्हणजे रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी, कणकेसारखी मळता येणारी वडी. शंभर ग्रॅमची ३५० रुपयांना मिळाली. तिचा चौथा हिस्सा मळून चपटा केला, टाकीवर शाम्पूचं पाणी सढळ हाताने मारलं आणि वजन न देता पुढे-मागे सरकवला. सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग थांबतो. आवाज थांबला की ती जागा झाली. टाकी आणि दोन्ही पॅनेल मिळून चाळीस मिनिटं. तुकडा एकदा हातातून खळ्यात, म्हणजे अंगणात, पडला. उचलून धुऊन वापरायचा मोह झाला, पण मातीचा एकही कण त्यात रुतला तर रंगावर रेघा पडतील. टाकून दिला.

पिशवीची चाचणी परत केली. आता काचेसारखं लागतं. ओरखडे आहेत तिथेच आहेत. क्ले ओरखडे काढत नाही.

१९ मार्च, रंगपंचमी

कारखान्यातल्या पोरांनी गाडीसकट रंगवलं. घरी येऊन धुतली. रंगवलेल्या भागांवरचं सगळं पाच मिनिटांत गेलं. काळ्या प्लास्टिकच्या दाणेदार पृष्ठभागात गुलाबी रंग बसून राहिला, तो जुना टूथब्रश आणि शाम्पूने काढायला चाळीस मिनिटं लागली. रंगवलेल्या भागावर लॅकरचा गुळगुळीत थर आहे. या प्लास्टिकवर काहीच नाही, ते उघडं आहे. दोघांना एकच उपाय चालेल असं मी धरून चाललो होतो, ते आज सोडलं.

२३ मार्च

रंगावर संरक्षक थर द्यायला पेस्ट वॅक्स, कार्नोबा (झाडाच्या पानांचं मेण) असलेलं, ४२० रुपये. दिवस वाया गेला म्हणावा इतपत चुका झाल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली: सकाळी अकराला सुरू केलं. खळ्यात ऊन आलं होतं आणि काळ्या टाकीवर हात ठेववत नव्हता. वॅक्स लावल्या लावल्या करकरीत सुकलं. पुसताना पट्टे उमटले, ते काढायला ओलं फडकं, परत वॅक्स, परत पट्टे. शेवटी गाडी पडवीत ढकलली, तासभर थंड होऊ दिली आणि नव्याने सुरुवात केली.

दुसरी: थर जाड दिला. डब्यावर पातळ थर द्या असं लिहिलेलं असतं ते खरं आहे. जाड थर जास्त टिकत नाही, फक्त पुसायला जास्त वेळ खातो.

तिसरी, सगळ्यात महाग: टाकीच्या कडेचं काळं प्लास्टिक झाकलं नाही. वॅक्स त्याच्या दाण्यांत शिरलं आणि सुकून पांढरं झालं. फडक्याने निघेना, पाण्याने निघेना. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रश घेऊन बोटभर-बोटभर काढलं. एक तास दहा मिनिटं. चाळीस रुपयांची मास्किंग टेप लावली असती तर हे टळलं असतं. टेप आज संध्याकाळीच आणली.

टाकी मात्र सुंदर दिसते. पाणी टाकलं की मोत्यांसारखं गोळा होऊन धावतं. पण एकूण साडेतीन तास गेले, आणि दर दोन महिन्यांनी हे करणं माझ्या अटीत बसत नाही. सरावाने दीड तासावर येईल, तरी नाही.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी, दुपारी प्लास्टिक.

पांढरं पडलेल्या प्लास्टिकवर जो तो वेगळं सांगतो. शेजारचे तात्या म्हणाले, "खोबरेल लाव रे, चकचकीत होतं." कारखान्यातला एक जण बूट पॉलिश सांगतो. दुकानदार ड्रेसिंग, म्हणजे प्लास्टिकला काळेपणा आणणारं द्रावण, विकतो. म्हणून मागच्या मडगार्डवर मास्किंग टेपने चार चौकोन आखले: खोबरेल, काळं बूट पॉलिश, पाण्यावर आधारलेलं (वॉटर-बेस्ड) ट्रिम ड्रेसिंग (२५० मिली, ३९० रुपये), आणि चौथ्यावर हीट गन, म्हणजे कडक गरम हवा सोडणारं यंत्र. चारही चौकोन आधी शाम्पूने घासून, अल्कोहोलने पुसून घेतले.

हीट गन वायरमन मित्राची, तो ती वायरीवरची प्लास्टिकची स्लीव्ह आकसवायला वापरतो. उन्हाने प्लास्टिकची वरची कातडी खरबरीत होते आणि म्हणून पांढरी दिसते. गरम हवेने ती कातडी क्षणभर मऊ होऊन परत बसते आणि काळा रंग उमटतो. डोळ्यांसमोर होतं, फारच समाधान देणारं काम आहे. त्या समाधानातच एका कोपऱ्यावर गन दोन-तीन सेकंद जास्त थांबली. तिथले दाणे वितळून रुपयाएवढा गुळगुळीत, चकाकणारा डाग पडला. तो कायमचा.

हीट गन वापरणाऱ्याने एवढं पाळावं: हात सतत हलता, गन वीतभर लांब, आधी आतल्या न दिसणाऱ्या बाजूवर करून बघायचं. प्लास्टिक स्वच्छ नसेल तर मळही त्यात कायमचा बसतो. टाकीजवळ, वायरिंगजवळ, इंडिकेटरच्या काचेजवळ आणि रंगवलेल्या पॅनेलवर गन नेऊच नये. आरशांच्या दांड्या मी गाडीवरून काढून, बाकावर ठेवून केल्या.

६ एप्रिल

चार चौकोनांचा आठवड्याचा निकाल.

खोबरेल: पहिल्या दिवशी उत्तम, तिसऱ्या दिवशी त्यावर धुळीचा लालसर लेप. धुतल्यावर मूळ पांढरा रंग परत.

बूट पॉलिश: पाच दिवस सगळ्यात काळं हेच होतं. धुताना काळं पाणी निघालं, आणि त्याआधी बायकोच्या साडीच्या काठाला लागलं होतं ते वेगळंच. बाद.

ड्रेसिंग: थोडं फिकट झालं, पण एकसारखं. धूळ चिकटत नाही.

हीट गन: जसंच्या तसं. पण उघडं प्लास्टिक ते उघडंच, ऊन लागून पुन्हा पांढरं होणार.

म्हणून ठरवलं: मडगार्ड आणि दांड्यांवर एकदा हीट गन, त्यावर ड्रेसिंगचे दोन पातळ थर, मध्ये रात्रभर वाळवण. ड्रेसिंग बाटलीतून थेट ओतायचं नाही, स्पंजवर चार थेंब घेऊन चोळायचं आणि दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचं पुसून घ्यायचं. पुसलं नाही तर पहिल्या पावसात ओघळ येतात.

मडगार्डला काळा स्प्रे का मारत नाही, असं दोघांनी विचारलं. दोन वर्षांपूर्वी मारला होता, तीन महिन्यांत पापुद्रे निघाले. भाग उलटा केला तर आतल्या बाजूला 'पीपी' असा ठसा आहे, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. त्यावर खास प्रायमर दिल्याशिवाय रंग धरत नाही.

१३ एप्रिल

टाकीच्या खालच्या जोडावर, आत वळलेल्या कडेला, तीन ठिकाणी रंगाला फुगवटा. नखाने टोकरलं तर खाली गंज. खारा ओलावा तिथे बसून राहतो आणि ती कडा धुताना कधीच हाताला लागत नाही. अशा जागी वॅक्स किंवा स्प्रे मारणं म्हणजे गंजावर झाकण ठेवणं. पॉलिश पेपरने चकाकणारा पत्रा दिसेपर्यंत घासलं, अल्कोहोलने पुसलं, बारीक ब्रशने मेटल प्रायमर, दुसऱ्या दिवशी काळा रंग. प्रायमर आणि रंग दोन्ही घरात होते. दिसायला साधारण आहे, पण ती जागा खालच्या बाजूला आहे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आधी टाकीचा खालचा जोड पाहावा, मग बाटल्या आणाव्यात.

२२ एप्रिल

हंगाम ऐन भरात. कारखान्याबाहेर मी गेली चार वर्षं आंब्याच्या कलमाच्या सावलीत गाडी लावतो. सावली आहे म्हणून तीच जागा चांगली असा समज होता.

आज दुपारी झाडावर काढणी चालू होती. देठ तुटला की हापूसचा चीक पिचकारीसारखा उडतो. अंगावर पडला तर कातडी भाजते, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. संध्याकाळी टाकीवर पाच-सहा आणि डाव्या साइड पॅनेलवर तीन वाळलेले थेंब. टाकीला वॅक्स होतं, पॅनेलला मी कंटाळून लावलं नव्हतं. ओलं कोमट फडकं पाच मिनिटं ठेवून दोन्हीकडचे थेंब काढले. टाकीवर काहीच राहिलं नाही. पॅनेलवर तीन फिकट कडी राहिली आहेत, बोटाला जाणवतात. लॅकर खाल्लं गेलं.

मोहराच्या दिवसांतही याच झाडाखाली गाडीवर चिकट फवारा पडायचा, तो तुडतुड्यांचा. वाळला की त्यावर धूळ बसून काळा थर होतो. कावळ्यांचं तर रोजचंच.

उद्यापासून गाडी पन्नास पावलं लांब, सायकलींच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वॉचमनदादांना विचारलं, ते म्हणाले, "लावा की, कोण नको म्हणतंय?" चार वर्षं मी विचारलंच नव्हतं. आतापर्यंत जे जे केलं त्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं हेच.

२७ एप्रिल

गाडीचं कव्हर, ४५० रुपये. पाच दिवस वापरलं. घराबाहेर वाऱ्याने ते रात्रभर फडफडतं, आतली धूळ रंगावर घासते. मागच्या काऊलवर (सीटखालच्या रंगवलेल्या आवरणावर) नवीन ओरखडे, बारीक पण ढीगभर. शिवाय सकाळी कव्हरखाली दव धरलेलं असतं आणि ओलावा आत कोंडतो. आता फक्त पडवीत, वारा नसेल तिथे, आणि गाडी धुऊन पूर्ण सुकल्यावरच. म्हणजे जवळपास कधीच नाही. पैसे गेले.

४ मे

ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते आज सापडलं असं वाटतं: सिलिका असलेलं स्प्रे सीलंट, वॅक्सच्याच कामाचं पण फवारायचं, दुकानात 'सिरॅमिक स्प्रे' म्हणून मिळतं. ५०० मिली, ५५० रुपये. गाडी धुतल्यावर ओली असतानाच मारायचं, फडक्याने पसरवायचं, दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. पूर्ण गाडी बारा मिनिटांत. काळ्या प्लास्टिकवरही चालतं, पांढरं होत नाही, म्हणून टेपही लागत नाही. टाकीची डावी बाजू वॅक्सवरच ठेवली, उजव्या बाजूचं वॅक्स अल्कोहोलने काढून स्प्रे मारला. बघू कोण किती टिकतं.

आता आजची चूक, आणि ही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मी बाटलीतून थेट गाडीवर फवारलं. वारा होता. बारीक तुषार पुढच्या डिस्कवर गेले आणि मला दिसलं नाही. संध्याकाळी बाहेर पडलो, उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना. लिव्हर कडक, पण पकड नाही. मागच्या ब्रेकवर आणि गिअर उतरवत गाडी थांबवली. समोर वळणावर एक आजी रस्ता ओलांडत होत्या. त्या पलीकडे पोचल्या तरी माझा हात लिव्हरवरून निघत नव्हता.

गाडी ढकलत घरी आणली. डिस्क दोन्ही बाजूंनी अल्कोहोलने, दर वेळी स्वच्छ फडकं घेऊन, चार वेळा पुसली. मग गल्लीत पायी वेगाने वीसएक वेळा हळू हळू ब्रेक लावत फिरवली. पकड परत आली. आली नसती तर पॅड बदलावे लागले असते.

तेव्हापासून: स्प्रे नेहमी फडक्यावर, गाडीवर नाही. डिस्कवर आधी जुनी पिशवी बांधायची. सीट, हँडलच्या मुठी, फूटरेस्टचे रबर आणि टायर यांना ड्रेसिंग किंवा स्प्रे अजिबात लावायचा नाही. काम झाल्यावर घरासमोरच दोन वेळा पुढचा ब्रेक तपासायचा, मगच रस्त्यावर.

१८ मे

टाकीच्या दोन्ही बाजूंना जिथे गुडघे टेकतात आणि मागे जिथे पट्ट्याचं बक्कल घासतं तिथे पारदर्शक फिल्म, पीपीएफ (रंग वाचवणारी फिल्म). पूर्ण गाडीला करायचा खर्च मला परवडत नाही, म्हणून दुकानातून उरलेला तुकडा ४८० रुपयांना आणला. जुन्या वर्तमानपत्राचा साचा कापून, त्यावरून फिल्म कापली, कोपरे गोल केले कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. साबणाच्या पाण्यावर तरंगवत बसवायची आणि जुन्या कार्डाने मधून कडेकडे पाणी काढायचं.

पहिला तुकडा तासाभरात सुटला. खाली वॅक्स होतं, गोंद धरणार कसा? वॅक्सच्या आधी फिल्म लावायची हा साधा क्रम मी चुकवला. अल्कोहोल-पाणी निम्मं-निम्मं करून तीनदा पुसलं, मग दुसरा तुकडा नीट बसला. दोन बुडबुडे राहिले, ते सुईने टोचून काढले. फिल्मला दोन दिवस पाणी नको असं दुकानदाराने बजावलं.

२१ मे

दोन दिवस मिळाले, जेमतेम. कालपासून कोसळतोय. मे महिन्यात असा सलग पाऊस अंगवळणी नाही, आमरसाच्या दिवसांत रेनकोट बाहेर काढावा लागला. डाव्या फिल्मचा मागचा कोपरा उचलला आहे. पुसून, सुकवून, केस वाळवायच्या यंत्राच्या कोमट हवेने दाबून बसवला.

२५ मे

हवामान खात्याने मॉन्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर केलं. ७ जून गृहीत धरून ठेवलेली दोन कामं, मडगार्डवर ड्रेसिंगचा दुसरा थर आणि पुढच्या मडगार्डची फिल्म, राहिली ती राहिलीच. ओल्या हवेत ड्रेसिंग वाळत नाही, प्रयत्न केला आणि चिकटच राहिलं. पावसाळ्याआधीचं काम एप्रिलअखेरच संपवायला हवं होतं.

१५ जून

आता खरी परीक्षा. 'पाऊस धुतोच आहे, कशाला धुवायची' हा आमच्याकडचा समज. पाऊस वरून पडतो, चिखल खालून उडतो. वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि मडगार्डच्या आत तांबड्या मातीचा लगदा ओला बसून राहतो.

संध्याकाळी आल्यावर एक बादली पाणी, मगाने फक्त खालच्या भागावर. फडकं नाही, पुसणं नाही. तीन मिनिटं. भिजलेला रेनकोट काढण्याआधीच हे उरकतो, नाहीतर होत नाही.

६ जुलै

हिशेब: स्प्रेचं पाणी गोळा होणं पुढच्या मडगार्डवर तीन आठवड्यांत संपलं, टाकीच्या उजव्या बाजूवर अजून थोडं आहे. डाव्या बाजूचं मार्चमधलं वॅक्स जूनच्या मध्यालाच गेलं होतं. दोन्हीकडे रेनकोट जिथे घासतो तिथलं सगळ्यात आधी गेलं. काटेकोर तुलना नाही, वॅक्स सहा आठवडे आधी लावलेलं होतं. पण साडेतीन तास आणि बारा मिनिटं हा फरक बघता मला उत्तर मिळालं. वॅक्सचा डबा भावाला दिला.

मागच्या मडगार्डवर आणि चाकाच्या रिमवर काळे तेलकट शिंतोडे. चेनला वंगण जास्त मारत होतो, तेच उडतं. चेन फिरवून, थोडं मारून, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसायला लागल्यापासून शिंतोडे कमी झाले.

२० जुलै

सर्व्हिसिंगला दिली होती. धुलाईच्या वेळी खालून वर सगळीकडे डिझेलचा फवारा मारून, चमक आणून परत दिली. गाडी नवी दिसत होती आणि वास येत होता. घरी पाणी टाकून पाहिलं तर स्प्रेचा थर कुठेच नाही, ड्रेसिंगही उतरलेलं, आणि फिल्मची कडा तेलकट. डिझेल रबराच्या भागांनाही वाईट. दोन महिन्यांची मेहनत दोनशे रुपयांच्या धुलाईत गेली, राग आला. पण मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. यापुढे जॉबकार्डवर लिहून घेणार: "धुलाई नको, तेल मारू नये."

उघडीप मिळाल्यावर शाम्पूने दोनदा धुऊन, अल्कोहोलने पुसून, पुन्हा स्प्रे. एकूण पन्नास मिनिटं.

१७ ऑगस्ट

काळ्या प्लास्टिकच्या दाण्यांत हिरवट-पांढरी बुरशी, विशेषतः सीटखाली आणि नंबर प्लेटमागे. शाम्पू, टूथब्रश, पाणी, मग वाऱ्यावर सुकवणं. ड्रेसिंग लावलेल्या भागावर कमी आहे, ड्रेसिंग राहून गेलेल्या भागावर जास्त.

पेट्रोलबद्दल एक. नोझल काढताना दोन थेंब टाकीवर पडतातच आणि ते ओघळ झाकणाखाली पिवळट रेघ पाडतात, थर कुठलाही असो. आता झाकणाभोवती फडक्याची चुंबळ धरून उभा राहतो. पंपावरची मुलं आधी बघायची, आता स्वतःच थांबतात.

२८ सप्टेंबर

खर्च. शाम्पू ३२०, मायक्रोफायबरची चार फडकी ३००, क्ले ३५०, पेस्ट वॅक्स ४२०, स्प्रे ५५०, ड्रेसिंग ३९०, अल्कोहोल १९०, फिल्म ४८०, टेप ४०, कव्हर ४५०. एकूण ३,४९०. वॅक्स, कव्हर आणि क्ले वगळले तर २,२७०, आणि पुन्हा करायचं झालं तर मी एवढंच आणेन. क्ले चांगली आहे, पण एका गाडीला वर्षातून एकदा लागते. तिघा-चौघांत एक वडी घ्यावी.

वेळ: मार्च ते मे मिळून एकोणीस तासांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच्या चुका निस्तरण्यात. पावसाळ्यातली रोजची तीन मिनिटं सोडली तर जूनपासून पंधरा दिवसांतून पंचवीस मिनिटं: धुणं, स्प्रे फडक्यावर घेऊन एक हात, ब्रेकची तपासणी. हे टिकलं आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

आदल्या दिवशी धुऊन स्प्रे मारला. पूजेला आईने टाकीवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं. दरवर्षी झेंडूचा हार तारेने बांधायचो आणि तारेच्या टोकाने वायझरवर चरे पडायचे, ते जुने चरे अजून आहेत. यंदा हार सुती दोऱ्याने.

संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसलं. कुंकू टाकीवरून एका हातात निघालं. पांढऱ्या स्टिकरच्या उचललेल्या कडेखाली मात्र हळद शिरली आहे, ती मार्चमधल्या रॉकेलची देणगी. घासत नाही. हळदीचा डाग उन्हात आपोआप फिका पडतो, दोन-चार दिवस सकाळचं ऊन दाखवेन.

उजव्या आरशाची दांडी पुन्हा पांढरट व्हायला लागली आहे. डावी नाही, कारण शेडमध्ये ती आतल्या बाजूला असते. उद्यापासून गाडी उलटी लावणार. वितळलेल्या डागाचं मडगार्ड बदलायचं आहे, सुटा भाग सांगून ठेवलाय. तो आला की गाडीवर चढवण्याआधीच, नवाकोरा असताना, दोन्ही बाजूंनी ड्रेसिंगचे दोन थर.